मशीन बंद करून बघितलंय मी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. बाहेर भजी खाऊन आलो तरी शर्टाच्या वासावरून ओळखते ती. पण ही एक गोष्ट तिच्याही नाकाखालून निसटली. आता तुम्हालाच का सांगतोय? नीटसं कळत नाही. बसलाय समोर, चहाही यायचाय, तर म्हटलं बोलून टाकावं.

पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. वर्गातही मी कधी वेळेवर मुद्द्यावर आलो नाही.

मी मूळचा तलवाड्याचा. फिजिक्समध्ये एमएस्सी केली आणि नोकरी लागली ती शिरूर कासारच्या अलीकडच्या एका गावात, आर्ट्स कॉलेजात. आता आर्ट्सच्या कॉलेजात फिजिक्सवाल्याचं काय काम? तर बीएच्या पहिल्या वर्षाला 'विज्ञान परिचय' असा एक पेपर होता आणि तो शिकवायला कुणी धजत नव्हतं. मराठीच्या सरांना दिला होता, पण ते दुसऱ्या दिवशी हात जोडून परत आले. म्हणून मला घेतलं. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढा पगार. आणि पुढच्या वर्षी तुम्ही असाल का नसाल? ते आप्पा ठरवणार.

आप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्षही तेच. कॉलेजची इमारत स्लॅबपर्यंत येऊन थांबली होती, त्यामुळं आमचा वर्ग भरायचा दूध संघाच्या हॉलमध्ये. भिंतीच्या पलीकडं दूध गार करायचं मशीन. ते धडधड करायला लागलं की मला ओरडून शिकवावं लागायचं. त्या मशीनपायी माझी ओरडून बोलायची सवय आजतागायत गेली नाही. फोनवर बोललो तरी शेजारी विचारतात, काय झालं?

साल दुष्काळाचं होतं. विहिरींना तळ लागलेला, जनावरं चारा छावणीत, मशीनलासुद्धा पाणी टँकरनं यायचं. पण दूध थोडं का होईना, निघत होतं, आणि त्याच्यावरच गावाची चूल पेटत होती. अशा दिवसांत मी पोरांना काय शिकवत होतो? तर विश्व कसं जन्मलं ते.

तुम्ही हसाल. मीही पहिल्या दिवशी मनात हसलो होतो. पण पोरं — काय सांगू तुम्हाला — पोरं जीव लावून ऐकायची. त्यांच्यातल्या निम्म्यांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत. तिकडून निरोप यायचा तो ट्रकच्या ड्रायव्हरकरवी, पंधरा-पंधरा दिवसांनी. आईला ताप आलाय, असा निरोप पोचेपर्यंत आई बरी होऊन पुन्हा फडात उतरलेली असायची. मी म्हटलं, बाबांनो, चांदणीचा उजेड हा तसलाच निरोप आहे. ती जुनी खबर बघतोय आपण, आत्ता तिकडं काय आहे कुणाला ठाऊक? विश्व पसरतं म्हणजे काय? त्याला मी पापड घेतला. पापड लाटताना त्यातलं जिरं एकमेकांपासून लांब लांब जातं, पण कुठलं जिरं चालत जातं का? पीठच पसरतं. मुली लगेच मान डोलवायच्या, मुलं मात्र घरी जाऊन पापड बघून यायची.

आणि सगळ्यांची आवडती होती ती पारव्यांची गोष्ट. परदेशात दोन माणसं एक भला थोरला कर्णा लावून आकाशाकडून काय येतं ते ऐकत बसली होती. तर जिकडं कर्णा फिरवावा तिकडं एकच बारीक खरखर. त्यांना वाटलं, बिघाड आपल्या यंत्रात आहे. तारा तपासल्या. शहराकडं तोंड करून बघितलं. कर्ण्यात पारव्यांनी संसार मांडला होता, ते हुसकावले आणि त्यांची घाण हातानं खरवडून काढली. खरखर जाईना. तेव्हा कुठं कळलं की ती विश्वाच्या जन्माच्या वेळची ऊब आहे, अजून सगळीकडं पसरून राहिलेली. मी फळ्यावर हात आपटून सांगायचो — खरखर आपल्या घरची नाही ना, हे आधी बघायचं. मगच आकाशाचं नाव घ्यायचं.

लक्षात ठेवा हे वाक्य. माझंच आहे.

संघाच्या हॉलमध्ये सभासदांसाठी एक टीव्ही होता, काळापांढरा, वर काड्यांचा अँटेना. केबल अजून गावात आली नव्हती. चॅनेल लागलं नाही की पडद्यावर मुंग्या यायच्या, तुम्हाला आठवत असतील. मी पुस्तकात वाचलं होतं की त्या मुंग्यांमध्ये थोडासा वाटा, अगदी शंभरातला एखादा ठिपका, त्या जन्माच्या उबेचा असतो. झालं. मी वर्गात म्हणालो, उद्या तुम्हाला विश्वाचा जन्म टीव्हीवर दाखवतो. शंभरातला एक ठिपका हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतोय मी — बघा, अजून जीभ सरळ वळत नाही. गाळलं. सगळ्या मुंग्या जन्माच्या म्हटलं की कसं भारदस्त वाटत होतं.

ही बातमी पोरांनी घरी नेली. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर हॉलच्या दारात बायका. हातात हळदकुंकवाच्या कोयऱ्या आणि पातेलंभर घुगऱ्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणे जन्म आहे ना, मग घुगऱ्या नकोत वाटायला? आमच्याकडं बारशाला घुगऱ्या असतात, जगाच्या बारशाला नकोत होय? त्यांचं काय चुकलं सांगा. दुष्काळात मूठमूठ हरभरे गोळा करून शिजवून आणले होते त्यांनी. एका म्हातारीनं टीव्हीच्या लाकडी खोक्याला कुंकू लावलं, पडद्यासमोर हात जोडले आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सर, बाळंतीण कुठं हाय?" अख्खा हॉल हसला. मीही हसलो. म्हातारी मात्र उत्तराची वाट बघत उभी. ह्या प्रश्नाचं उत्तर अजून जगात कुणाकडं नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मजेत होतो मी, लई मजेत.

तेवढ्यात आप्पा आले. मागं संघाचे चार संचालक. मी त्यांना खुर्च्या दिल्या, पोरींनी घुगऱ्या दिल्या. आप्पांनी तोंडात टाकल्या आणि म्हणाले, हं, दाखवा सर तुमचं जग.

आता कालिंदाबद्दल सांगायला हवं. इतका वेळ टाळत होतो, तुमच्या लक्षात आलं असेल.

कालिंदा माझी विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची. आईबाप तोडीला गेले की आजीला आणि धाकट्या भावंडांना तीच सांभाळायची. शंका विचारण्यात एक नंबर. पापडाच्या गोष्टीवर तीच म्हणाली होती की सर, पापडाला काठ असतो, विश्वाला कुठाय? त्या शंकेनं माझी रात्रीची झोप गेली होती, आणि ती मला गोडही लागली होती. संघ त्या वर्षी एकाला औरंगाबादला दूध तपासणीच्या ट्रेनिंगला पाठवणार होता. परत आल्यावर संघातच नोकरी. कालिंदाचं नाव मीच आप्पांना सुचवलं होतं. नाहीतर तिची गत काय? आजी आता मामाकडं राहणार होती, भावंडं हाताशी आली होती, म्हणजे दसऱ्यानंतर कालिंदानंही आईबापासंगं कोयता घेऊन फडात जायचं, असं घरी ठरत होतं. ट्रेनिंग मिळालं तरच ते टळणार. आप्पा म्हणाले होते, बघू, तुमच्या त्या कार्यक्रमाला येतोच हाय, पोरगी दाखवा.

टीव्ही लावला. मुंग्या आल्या. हॉलमध्ये 'आगं बाई' असा हलका आवाज झाला. मी छाती पुढं काढून बोलायला लागलो — हा जो प्रत्येक ठिपका तुम्ही बघताय, तो जगाच्या जन्माच्या वेळी निघालाय. भिंतीपलीकडं मशीन चालू झालं. पडद्यावर मुंग्यांबरोबर जाड जाड पांढऱ्या रेघा थरथरायला लागल्या. मी तसाच बोलत राहिलो.

कालिंदानं हात वर केला.

"सर, ह्या रेघा मशीन चालू झालं की येतेत. दोन मिन्टं मशीन बंद करून बगू का? मुंग्याबी मशीनच्याच असल्या तर?"

बघा काय म्हणाली ती. तिनं पारवे हुसकावले होते हो. वर्षभर मी जे फळ्यावर हात आपटून सांगत होतो, ते त्या एका पोरीनं खरं मानलं होतं. कुठल्या मास्तराला याहून जास्त काय पाहिजे? मशीनचं लाल बटण हॉलच्या दारालगतच होतं. मी उभा होतो तिथून हात लांबवला असता तरी लागलं असतं. दोन मिनिटांत दूध नासत नाही. आप्पाही नाही म्हणाले नसते, ते स्वतःच मान वळवून बटणाकडं बघत होते.

आणि मी घाबरलो. कशाला? मुंग्या गेल्या तर? पुस्तकाप्रमाणं त्या राहायला हव्यात, पण ह्या खोक्याचा काय भरवसा? कुंकू लावलेला पडदा, घुगऱ्या खाणारे संचालक, दारातल्या बायका आणि माझी तासिका तत्त्वावरची नोकरी. मला एका क्षणात हे सगळं दिसलं, आणि कालिंदा दिसली नाही.

मी म्हणालो, "मशीन बंद करून बघितलंय मी. सकाळीच. मुंग्या तशाच राहतात."

बघितलं नव्हतं. सकाळी मी घरी दाढी करत होतो.

ती म्हणाली, "मग चुकलं माझं, सर," आणि खाली बसली. रागानं नाही. माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून. तेच तर.

जाताना आप्पांनी मला बाजूला घेतलं. कार्यक्रम झकास झाला म्हणाले. मग म्हणाले, "पोरगी शंका लई काढती. तपासणीला असली नको, सभासदांत भांडणं लावंल." तेव्हा तरी मी बोलायचं की नाही? दूध तपासायला शंका काढणारं माणूस नको तर काय मान डोलवणारं पाहिजे? शिवाय तिची शंका बरोबर होती, आणि हे त्या आवारात एकट्या मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो, तसं आहे खरं." ट्रेनिंगला आप्पांचा पुतण्या गेला.

मला मात्र पुढच्या वर्षी कायम केलं. मुंग्यांनीच केलं म्हणा ना. गावोगाव मला बोलावणी यायला लागली. नारायणगडाच्या यात्रेत एकदा कुणीतरी हाक मारली, "ओ मुंग्यासर," आणि चार अनोळखी माणसं माझ्याकडं बघून हसली. मला ते नाव आवडायचं. त्याची कमाई कशी झाली होती हे ठाऊक असूनही आवडायचं, हेही नोंदवून ठेवतो.

दसऱ्यानंतर ट्रक आला. कालिंदा सामानाच्या ढिगावर बसली होती, मांडीवर शेळीचं करडू. मला बघून तिनं हात हलवला आणि वरून ओरडली की सर, पारव्यांची गोष्ट तिकडं फडावर, कोपीत राहणाऱ्या लेकरांना सांगते. मीही हात हलवला. ट्रक गेल्यावर मी हॉलमध्ये जाऊन तास घेतला. कशावर घेतला ते आठवत नाही.

ती एक हंगाम गेली, मग दुसरा, मग तिसरा. बीए तुकड्यातुकड्यानं पूर्ण केलं तिनं. पुतण्याला दुधाचा वास सोसेना, तो पुण्याला निघून गेला. संघानं जागा भरायला परीक्षा ठेवली, तेव्हा कालिंदा पहिली आली आणि नोकरीला लागली. स्वतःच्या जिवावर. माझा त्यात काडीचाही हात नाही. लग्न झालं, पोरं झाली, आणि आता संघाच्या तपासणी केंद्राची सगळी जबाबदारी तिच्याकडं आहे. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. मी "सुखी राहा" म्हणतो आणि पिशवीतली भाजी नीट करायला लागतो.

आणि ते बटण? मी पुढं कित्येक वर्षं त्याच हॉलमध्ये शिकवलं. रोज त्याच्यावरून जायचो. एखाद्या रिकाम्या दुपारी दाबून बघायला कुणी अडवलं होतं का? नाही बघितलं. मुंग्या गेल्या तर मी पक्का खोटा ठरणार, माझ्यापुरता तरी. त्यापेक्षा न बघितलेलं बरं. असा मी विज्ञान शिकवणारा.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मी आता रिटायर होऊन बीडला असतो. म्हणाली, सर, शाळेच्या पोरांचा कार्यक्रम हाय, दर साली करते मी, यंदा तुमी पायजे. गेलो. हॉलला नवा रंग दिलाय. मधोमध टेबलावर तोच टीव्ही! खोक्यावर कुंकवाचा डाग तसाच. बाजूला पातेलंभर घुगऱ्या. हसू आवरेना मला.

तिनं पोरांना पारव्यांची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा चांगली सांगते, पारव्याच्या आवाजासकट. मग म्हणाली की आता आमच्या सरांची गोष्ट ऐका. मी खुर्चीत सरळ झालो.

"मी म्हणलं, मशीन बंद करून बगू. तर सर म्हणले, सकाळीच बघितलंय. आपल्या मनात यायच्या आधी सरांनी ते करून ठेवलंतं. तवापासून मी दोनदा तपासल्याबिगर कुणाचं दूध नापास करत न्हाई. आता बगा सरांची पद्धत."

पडद्यावर मुंग्या होत्या, आणि रेघा. ती चालत दाराशी गेली. लाल बटणावर तिनं बोट ठेवलं आणि पोरांकडं बघून हसली. आता पळावं का? एवढ्या पोरांतून कसं पळणार? तिनं बटण दाबलं. धडधड हळूहळू खाली आली आणि थांबली. हॉल इतका शांत मी कधी ऐकलाच नव्हता.

रेघा गेल्या. एकूणएक गेल्या.

मुंग्या राहिल्या. बारीक, स्वच्छ, पडदाभर.

इतकं सुंदर काही मी माझ्या उभ्या नोकरीत दाखवलं नव्हतं. दाखवता आलं असतं, त्याच दिवशी, आप्पांसमोर. पोरगी बरोबर ठरली असती आणि मुंग्याही खऱ्या ठरल्या असत्या. कालिंदा तेव्हाच औरंगाबादला गेली असती. ती मुलांना सांगत होती की यातल्याही सगळ्या जन्माच्या न्हाईत बरं का, शंभरातली एखादी, बाकीच्या ह्या खोक्याच्या. तेही तिनं शोधून काढलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं माझ्याकडं हात केला. पोरं माझ्याकडं वळून आणखी जोरात वाजवायला लागली.

मी उठलो. हात जोडले. टाळ्या संपेपर्यंत उभा राहिलो.

निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली. घुगऱ्यांची पुडी माझ्या हातात दिली. मग जरा लाजत म्हणाली की एक विचारायचं राहूनच गेलं इतकी वर्षं. "सर, त्या दिवशी सकाळी तुमी एकटेच होता ना? मशीन थांबलं आन् मुंग्या ऱ्हायल्या — पयल्यांदा बघताना कसं वाटलं हो?"

सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. फाटकाशी आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "लई भारी वाटलं."

ती खूश झाली आणि मशीन चालू करायला आत गेली. मी एसटीत बसलो आणि बीड येईपर्यंत सगळ्या घुगऱ्या खाल्ल्या. मीठ अगदी बेताचं होतं.